दिव्यातील दोषाचा शोध : घरगुती प्रकाशाच्या बिघाडांचा इतिहास

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले आणि त्यानंतरच्या वर्षी नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी या मंडईत व शहरातील काही रस्त्यांवर प्रकाश पुरवण्याचा करार केला. परंतु अल्पावधीतच ही कंपनी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. शहरातील विजेच्या प्रकाशाच्या इतिहासाचे पहिले पान असे बिघाडाचे आहे, आणि हा बिघाड तारेत किंवा दिव्यात नव्हता, तर दिवा ज्यांच्या भरवशावर लागत होता त्या व्यवस्थेत होता. जवळजवळ दीड शतकानंतर ज्या घरांत मोबाइलवरून चालणारे दिवे आले आहेत, त्या घरांतील लोकांनाही याच जातीच्या बिघाडाला तोंड द्यावे लागते: दिवा शाबूत असतो, तार शाबूत असते, घरात वीजही असते, आणि तरीही दिवा लागत नाही किंवा नको तेव्हा लागतो. या दोन टोकांच्या मधल्या काळात दोषाची जागा सतत बदलत गेली, आणि ती शोधण्याची जी रीत तंत्रज्ञांनी व सामान्य गृहस्थांनी घडवली, तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विजेपूर्वीच्या दिव्याचा दोष डोळ्यांना दिसत असे. कंदिलाची वात वर गेली की काच काळी पडे, तेल संपले की ज्योत खाली बसे, आणि काचेला तडा गेला की वाऱ्याने दिवा फडफडू लागे. संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी काचा राखेने किंवा फडक्याने पुसून ठेवणे, वाती कातरणे आणि तेल भरणे ही कामे घरातील मुलांकडेही सोपवलेली असत, कारण त्यासाठी कोणत्याही विशेष ज्ञानाची गरज नव्हती. मुंबईच्या काही रस्त्यांवर १८६५ पासून गॅसचे दिवे आले, तेव्हा दिवा आणि त्याचे इंधन प्रथमच एकमेकांपासून दूर गेले. इंधन नळातून येऊ लागले आणि ते आले नाही तर दिव्यापाशी उभे राहून काहीही करणे शक्य उरले नाही. विजेने हे अंतर कितीतरी पटींनी वाढवले.

मुंबईत घरगुती वीज खऱ्या अर्थाने रुजली ती द बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने १९०५ मध्ये वाडी बंदर येथे वीजकेंद्र सुरू केल्यानंतर. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून सह्याद्रीच्या पाण्याची वीज शहराकडे येऊ लागली आणि पुढे भिवपुरी व भिरा ही केंद्रे तिला जोडली गेली. या काळातील घरांत तारा भिंतीच्या आत नसत. लाकडी पट्टीत दोन खाचा पाडून त्यांतून तारा नेत आणि वरून दुसरी पातळ पट्टी स्क्रूने बसवत. या पद्धतीला केसिंग-कॅपिंग म्हणत, आणि जुन्या चाळींच्या छतांवर रंगांच्या अनेक थरांखाली गाडल्या गेलेल्या अशा सागवानी पट्ट्या दीर्घकाळ टिकून राहिल्या. लाकडाच्या गोल ठोकळ्यावर बसवलेले बटण, छतातून लोंबणारी पिळाची वायर आणि तिच्या टोकाला ब्रिटिश पद्धतीचा दोन पिनांचा होल्डर, एवढाच सारा सरंजाम असे. २२ मिलिमीटर व्यासाचा तो होल्डर आजही भारतीय घरांत आहे आणि परदेशी तंत्रज्ञानाचे नवे दिवेसुद्धा येथे विकले जाताना त्याच मापाची टोपी घालून येतात.

या दिव्याचा मुख्य दोष म्हणजे तार तुटणे. एडिसनच्या १८७९ च्या दिव्यातील कार्बनच्या तंतूची जागा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत टंगस्टनच्या तारेने घेतली होती. थंड टंगस्टनचा विद्युतरोध तापलेल्या टंगस्टनच्या मानाने दहा-पंधरा पटींनी कमी असल्यामुळे बटण दाबताक्षणी प्रवाहाचा मोठा लोंढा तारेतून जातो. म्हणून जीर्ण झालेला दिवा बहुधा लावतानाच जात असे. गेलेला दिवा लगेच टाकून देण्याची रीत मात्र नव्हती. तो होल्डरमधून काढून कानाशी हलवून पाहत, तुटलेल्या तारेची किणकिण ऐकू आली की दिवा आडवा-तिरपा करून तारेची दोन टोके एकमेकांना अडकवत आणि तसाच जपून पुन्हा लावत. टोके जुळलेल्या जागी प्रवाहाच्या उष्णतेने सांधा बसे, तार थोडी आखूड झाल्यामुळे तिचा रोध घटे, आणि दिवा पूर्वीपेक्षा लख्ख उजेड देऊ लागे; अर्थात त्याच कारणाने तो थोड्याच दिवसांत कायमचा जाई. ही दुरुस्ती कोणत्याही पुस्तकातून शिकवली गेली नाही, तरी ती घरोघरी माहीत होती. दिव्याचे आयुष्य किती असावे हा प्रश्न मात्र घराबाहेर ठरत होता: जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे फीबस नावाचा संघ स्थापून घरगुती दिव्याचे आयुष्य १,००० तासांपर्यंत आणण्याचे ठरवले आणि त्याहून अधिक टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदांना दंड लावला. दुसऱ्या महायुद्धाने हा संघ मोडला, परंतु दिव्याचा दोष हा निर्मात्याच्या धोरणाचाही भाग असू शकतो, याचा तो पहिला ठळक पुरावा आहे.

दिवा बदलूनही उजेड आला नाही, तर मात्र वायरमनला बोलावणे येई. शासकीय मराठीत ज्याला तारतंत्री म्हणतात, तो हा कारागीर, आणि या लेखातील विवेचनाचा तोच खरा नायक आहे. कारण दोषाच्या शोधाला शिस्त त्याने दिली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आयटीआयमध्ये, हा व्यवसाय शिकवला जाऊ लागला आणि जिन्याची वायरिंग, म्हणजे एकच दिवा वरून व खालून दोन्हीकडून लावता-मालवता येण्याची जोडणी, आणि गोडाऊन वायरिंग, म्हणजे पुढे जाताना पुढचा दिवा लागून मागचा मालवण्याची जोडणी, हे त्याचे ठरलेले धडे झाले. परंतु दोष शोधण्याचे कसब बहुतांशी उस्तादाच्या हाताखालीच मिळे.

त्या कसबाची दोन साधने जवळून पाहण्यासारखी आहेत. एक म्हणजे टेस्टर: पेचकसाच्या मुठीत निऑनचा इवलासा दिवा आणि त्याच्याशी जोडलेला मोठा रोधक असतो, टोक जिवंत तारेला लावून मुठीच्या टोपीवर बोट ठेवले की अत्यल्प प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जातो आणि निऑन तांबूस उजळतो. दुसरे म्हणजे टेस्ट लॅम्प: दोन होल्डर एकमेकांना एकसरी, म्हणजे एकापुढे एक असे, जोडून त्यांत दोन सारखे दिवे लावलेले असतात आणि दोन मोकळ्या तारांनी तपासणी केली जाते. दिवे दोन असण्याचे कारण असे की फेज, म्हणजे जिवंत तार, आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, यांच्यामध्ये सुमारे २३० व्होल्ट असतात, पण चुकून दोन निराळ्या फेजांमध्ये तारा लागल्या तर ४०० हून अधिक व्होल्ट येतात आणि एकटा दिवा तेथल्या तेथे फुटू शकतो. अनुभवी वायरमन टेस्टरवर पूर्ण विसंबत नसे. शेजारच्या तारेच्या प्रभावाने तुटलेल्या तारेतही थोडा दाब उत्पन्न होतो आणि तेवढ्याने निऑन उजळतो, परंतु टेस्ट लॅम्पला खरा प्रवाह लागत असल्याने तो अशा फसव्या दाबाला बळी पडत नाही. दाब आहे आणि प्रवाह नाही, हा भेद ज्याच्या हातात मुरला तोच दोषापर्यंत पोहोचत असे. आणि पुढे दिसेल की एलईडी दिव्यांच्या काळात नेमका हाच भेद पुन्हा महत्त्वाचा ठरला.

शोधाचा क्रमही ठरलेला होता. प्रथम मीटरपाशी वीज आहे की नाही, मग चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमधील तार शाबूत आहे की नाही, मग बटणाच्या आत येणारी आणि बाहेर जाणारी तार, मग होल्डर, आणि सर्वांत शेवटी दिवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलायची ती वस्तू दुसरीकडे चालत असल्याची खात्री करूनच. या क्रमाचे मोल त्याच्या साधेपणात आहे. जो दोष दोन ठिकाणांच्या मध्ये आहे असे कळले, त्याची जागा प्रत्येक तपासणीबरोबर अरुंद होत जाते, आणि अंदाजाला वाव उरत नाही. याउलट, गृहस्थ स्वतः दुरुस्तीला बसले की एकाच वेळी दिवा, होल्डर आणि फ्यूजची तार बदलत, आणि दिवा लागला तरी दोष कशात होता हे गूढच राहून तो महिनाभराने परत येई.

ट्यूबलाइटने प्रकाशाच्या दोषाला पहिल्यांदा चंचलपणा दिला. अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आलेली ही नळी भारतीय घरांत स्वातंत्र्योत्तर काळात पसरली आणि तिच्यासोबत चोक व स्टार्टर हे दोन नवे शब्द घरगुती मराठीत आले. स्टार्टरच्या छोट्या काचनळीत दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज आली की त्या नळीतील वायूत ठिणगीवजा प्रकाश निर्माण होतो, त्याच्या उष्णतेने पट्टी वाकून संपर्क जुळतो, त्यातून जाणाऱ्या प्रवाहाने ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात, तेवढ्यात पट्टी निवून संपर्क तुटतो, आणि त्या क्षणी चोकमधून दाबाचा जो धक्का बसतो त्याने ट्यूब पेटते. दाब अपुरा असेल किंवा टोके काळी पडून ट्यूब म्हातारी झाली असेल, तर हीच साखळी पुन्हा पुन्हा घडत राहते आणि ट्यूब लुकलुकत बसते. स्टार्टर पिळून पाहणे, दुसऱ्या खोलीतला स्टार्टर आणून लावणे, ट्यूब होल्डरमध्ये थोडी फिरवणे, हे उपाय कोणीही करत असे, आणि त्यांतील दुसरा उपाय नकळत वायरमनच्याच अदलाबदलीच्या तत्त्वावर आधारलेला होता.

तथापि ग्रामीण महाराष्ट्रात लुकलुकणाऱ्या ट्यूबचे कारण बहुधा घरात नसे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाल्यावर वीज गावोगाव गेली, परंतु एकाच डीपीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वितरण रोहित्रावर, घरे आणि शेतीपंप दोन्ही असल्यामुळे पंप सुरू होताच दाब घसरे. पिवळा दिवा तांबूस होऊन जळत राही, ट्यूब मात्र पेटतच नसे. म्हणूनच अनेक घरांत ट्यूब असूनही एक साधा दिवा जपून ठेवलेला असे. याहून गंभीर दोष न्यूट्रल तुटण्याचा. तीन फेजांचा पुरवठा असलेल्या इमारतीत प्रत्येक घर एकेका फेजवर असते आणि सर्वांचा परतीचा मार्ग, म्हणजे न्यूट्रल, सामाईक असतो. तो सामाईक मार्ग सैल झाला किंवा तुटला तर काही घरांत दिवे मंद होतात, त्याच वेळी दुसऱ्या घरांत ते डोळे दिपवतात आणि पाठोपाठ पंखे व दूरदर्शन संच जळतात. आपल्या घरातील दिवा शेजाऱ्याच्या घरातील वापरामुळे कमी-जास्त होतो, ही गोष्ट पटवून देणे वायरमनला नेहमीच जड गेले, कारण रहिवाशाला दोष दिसतो तो स्वतःच्या छतावर. लोकांनी अशा वेळी दिवे बदलले, होल्डर बदलले, प्रसंगी वायरमनही बदलला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण या प्रकाराला तंतोतंत लागू पडते.

सीएफएल आणि त्यामागून एलईडी आल्यावर दिव्याच्या आतच इलेक्ट्रॉनिक मंडल शिरले. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले, आणि जानेवारी २०१५ पासून केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून कोट्यवधी एलईडी दिवे स्वस्तात वाटले गेले. विजेच्या बचतीच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे आणि त्याचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. पण दोषाच्या इतिहासात तो एका नव्या गोंधळाचा आरंभ होय. बटण बंद केल्यावरही दिवा रात्रभर मंद तेवत राहतो किंवा दर काही सेकंदांनी एकदा चमकतो, अशी तक्रार याच काळात सार्वत्रिक झाली. तिची कारणे जुनीच आहेत. कित्येक घरांत बटण फेजच्या तारेत बसवण्याऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेले असते, त्यामुळे बटण बंद असतानाही दिव्यापर्यंत फेज पोहोचलेला असतो. काही बटणांत अंधारात दिसावे म्हणून निऑनचा बारीक दिवा असतो आणि त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहत राहतो. आणि एकाच नळीतून लांबवर शेजारी-शेजारी नेलेल्या तारा एकमेकींत थोडा दाब उत्पन्न करतात. साठ वॅटच्या तारेच्या दिव्याला एवढ्याशा प्रवाहाने काहीच होत नसे, परंतु एलईडीच्या ड्रायव्हरमधील, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणाऱ्या मंडलातील, धारित्र त्या थेंबाथेंबाने भरत जाते आणि पुरेसे भरले की दिवा क्षणभर उजळतो. जो दोष टेस्ट लॅम्पने निरर्थक म्हणून बाजूला काढला होता, तोच आता डोळ्यांसमोर चमकू लागला. चुकीच्या तारेत बसवलेल्या बटणाचा धोका मात्र पूर्वीही होता आणि आजही आहे, कारण बटण बंद करून दिवा काढणाऱ्याचा हात जिवंत होल्डरला लागू शकतो. या दृष्टीने एलईडीचे ते चमकणे उपकारकच मानावे लागेल.

दुरून आज्ञा घेणाऱ्या दिव्याचा इतिहास मात्र एलईडीपेक्षा जुना आहे. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथिस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये एक्स-टेन नावाची पद्धत सिद्ध केली, जी पुढे मुख्यतः अमेरिकेत विकली गेली. या पद्धतीत आज्ञा रेडिओने जात नसे. घरातील विजेच्या तारांवरूनच १२० किलोहर्ट्झ इतक्या उच्च वारंवारतेचे छोटे स्पंद पाठवले जात आणि दिव्यापाशी बसवलेला भाग ते वाचत असे. प्रत्येक उपकरणाला सोळांपैकी एक गृहसंकेत आणि सोळांपैकी एक क्रमांक दिलेला असे, म्हणजे एकूण पत्ते अवघे २५६ होते. परिणाम असा झाला की एकाच रोहित्रावर असलेल्या दोन घरांनी योगायोगाने एकच गृहसंकेत निवडला, तर एका घरातील बटणाने दुसऱ्या घरातील दिवा लागू लागला. आणि दूरदर्शन संच किंवा चार्जर यांसारख्या उपकरणांच्या गोंगाटात आज्ञा बुडून जाऊ लागली. आपोआप लागणाऱ्या दिव्याची तक्रार येथून सुरू होते. त्या वेळच्या जाणकारांनी काढलेला मार्गही वायरमनचाच होता: घरातील एकेक उपकरण प्लगातून काढायचे आणि कोणते काढल्यावर आज्ञा पोहोचते ते पाहायचे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये फिलिप्सचा ह्यू हा मोबाइलवरून चालणारा दिवा बाजारात आला, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील लिफक्स या नवख्या कंपनीने लोकवर्गणीतून भांडवल उभारून दुसऱ्या प्रकारच्या दिव्याची घोषणा केली. या दोहोंतील फरक दोष समजून घेण्यासाठी आवश्यक आहे. ह्यूचे दिवे झिगबी या कमी शक्तीच्या रेडिओ-पद्धतीने ब्रिज नावाच्या छोट्या पेटीशी बोलतात, आणि प्रत्येक दिवा आपल्या पलीकडच्या दिव्यासाठी निरोप्याचेही काम करतो. लिफक्सचे दिवे मधल्या पेटीविना थेट घरातील वाय-फायला जोडले जातात, आणि आज भारतात स्वस्तात मिळणारे बहुसंख्य दिवे या दुसऱ्या प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारात बोळातील दिव्याचे भिंतीवरचे बटण कोणी सवयीने बंद केले, तर त्या दिव्याबरोबर निरोप्याची एक कडीही नाहीशी होते आणि पलीकडच्या खोलीतील, वीज असलेला दिवासुद्धा आज्ञा ऐकेनासा होतो. दुसऱ्या प्रकारात सर्व भार राऊटरवर, म्हणजे घरातील वाय-फायच्या पेटीवर, पडतो. राऊटरचा पासवर्ड बदलला की दिवे एका क्षणात पोरके होतात.

या सर्वांच्या मुळाशी भिंतीवरील बटणाचा प्रश्न आहे. शंभर वर्षे बटण हे दिव्यावरचे एकमेव अधिकारपद होते. स्मार्ट दिव्याला मात्र आज्ञा ऐकण्यासाठी सतत वीज हवी असते, त्यामुळे बटण कायम चालू ठेवावे लागते, आणि घरातील आजी-आजोबा, पाहुणे, घरकामाला येणाऱ्या बाई यांच्यापैकी कोणीतरी ते बंद करणारच. ज्याला लोक दिव्याचा लहरीपणा म्हणतात, त्याचा मोठा भाग दोन मालकांच्या या संघर्षातून जन्मतो. वीज जाऊन परत येते तेव्हा हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो, कारण वीज परत येणे आणि कोणीतरी बटण दाबणे यांत दिव्याला भेद करता येत नाही. म्हणून पहिल्या पिढीतील दिवे मध्यरात्री वीज येताच पूर्ण प्रकाशाने लागत आणि झोपलेल्या घराला जागे करत. वीज आल्यावर पूर्वीच्याच स्थितीत राहण्याची सोय ह्यूमध्ये २०१८ च्या सुमारास आली. वीजपुरवठा अखंड असलेल्या देशांत आखल्या गेलेल्या वस्तूकडून भारनियमनाचा अनुभव असलेल्या प्रदेशाची गरज प्रथमपासून ओळखली जाईल, ही अपेक्षाच फोल होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे दिवा पूर्वस्थितीत आणण्याची, म्हणजे रिसेट करण्याची, रीत. दिव्याला स्वतःचे बटण नसल्यामुळे निर्मात्यांनी भिंतीवरच्या बटणाचीच सांकेतिक भाषा केली. जनरल इलेक्ट्रिकच्या, म्हणजे एडिसनच्या कंपनीतून १८९२ मध्ये साकारलेल्या उद्योगाच्या, नावाने विकल्या जाणाऱ्या स्मार्ट दिव्यांसाठी दिवा आठ सेकंद चालू व दोन सेकंद बंद असे पाच वेळा करावे, असे सांगणारी चित्रफीत २०१९ मध्ये जगभर चर्चेचा विषय झाली. वाय-फायवरील अनेक स्वस्त दिव्यांत तर तीन वेळा भरभर चालू-बंद केले की दिवा जुनी सर्व जोडणी विसरून नव्या मालकाची वाट पाहत मंदपणे लुकलुकू लागतो. आता मृगाच्या आधी वळीव कोसळतो, फांद्या तारांना घासतात आणि वीज मिनिटभरात तीन-चार वेळा ये-जा करते, अशा संध्याकाळी या दिव्याच्या दृष्टीने कोणीतरी मुद्दाम बटण दाबून त्याला सर्व विसरण्याची आज्ञा दिलेली असते. वादळानंतर दिवा स्वतःच लुकलुकत असल्याचे जे गूढ वाटते, ते येथे उलगडते. दिवा बिघडलेला नसतो, त्याने आज्ञेचे पालनच केलेले असते.

बिनतारी मार्गाची गर्दी हे दुसरे मोठे कारण. झिगबी, वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीची गळती, हे सर्व २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच वावरतात. भारतात हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यातील वाय-फायच्या वाटा, म्हणजे चॅनेल, एकमेकींवर चढलेल्या असून १, ६ आणि ११ या तीनच वाटा परस्परांना न छेदता वापरता येतात. काँक्रीटच्या इमारतीत मजल्यागणिक चार घरे आणि प्रत्येक घरात एक राऊटर असेल, तर रात्री नऊच्या सुमारास, सर्व जण पडद्यासमोर बसलेले असताना, राऊटरपासून दूरच्या खोलीतील दिव्यापर्यंत आज्ञा पोहोचण्यास उशीर होतो किंवा ती पोहोचतच नाही, आणि दिवसा तोच दिवा निमूटपणे ऐकतो. नव्या राऊटरमधील ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान असला तरी भिंतींतून कमी जातो, आणि बहुतेक दिव्यांना तो ऐकूच येत नाही. मोबाइल त्या पट्ट्यावर असल्यामुळे दिव्याची पहिली जोडणीच न होणे, हा त्यातून उद्भवणारा नेहमीचा अडथळा आहे.

शेवटी दोष घराची हद्द ओलांडतो. अनेक दिव्यांची आज्ञा मोबाइलपासून समोरच्या दिव्यापर्यंत थेट जात नाही. ती निर्मात्याच्या दूरच्या संगणकापर्यंत, कित्येकदा परदेशात, जाऊन परत येते. मे २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह या गृह-नियंत्रकाची सेवा मालक कंपनीने बंद केली, तेव्हा ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेल्या पेट्या निकामी झाल्या. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील संगणक-केंद्रांत काही तास बिघाड झाला आणि असंख्य घरांतील बोलून चालणारी उपकरणे मुकी झाली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या गृह-नियंत्रण कंपनीचे संगणक पूर्वसूचनेविना बंद पडले. क्रॉफर्ड मार्केटमधील कंपनी बुडाल्यावर मंडईला निदान गॅसकडे परतता आले. येथे परतण्याची सोय आधीपासून ठेवलेली असेल तरच असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅटर या सामाईक मानकाने आज्ञा घरातल्या घरात पोहोचवण्यावर भर दिला, ही या इतिहासातील समाधानाची घटना आहे, जरी भिंतीवरच्या बटणाचा तंटा त्या मानकानेही मिटवलेला नाही.

जुन्या वायरमनचा क्रम या दिव्यांनाही जसाच्या तसा लागू पडतो, फक्त त्याच्या पायऱ्या वाढल्या आहेत. प्रथम बटण चालू आहे का आणि दिव्यापर्यंत वीज पोहोचते का, मग होल्डरच्या पिना सैल आहेत का, मग तोच दिवा राऊटरजवळच्या होल्डरमध्ये नीट चालतो का; तेथे चालत असेल तर दोष अंतरात किंवा गर्दीत आहे, आणि तेथेही चालत नसेल तर इंटरनेट तोडून घरातल्या घरात आज्ञा पोहोचते का ते पाहावे, कारण त्यावरून दोष घरातला की बाहेरचा हे ठरते. दिवा आपोआप लागत असेल तर मोबाइलमधील ठरवून ठेवलेल्या वेळा आणि घरातील दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर राहिलेली जुनी जोडणी तपासावी, आणि रिसेट हा उपाय सर्वांत शेवटी ठेवावा, कारण त्याने दोषाबरोबर दोषाच्या खुणाही पुसल्या जातात. मंद-प्रखर करण्याच्या जुन्या रेग्युलेटरवर असा दिवा कधीही लावू नये. आणि जिना, न्हाणीघर व वृद्धांची खोली येथील दिवा भिंतीवरच्या साध्या बटणाने लागलाच पाहिजे, हे कोणत्याही सोयीहून महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रातील विजेचा जो इतिहास लिहिला गेला, तो धरणांचा, वीजकेंद्रांचा, कंपन्यांचा आणि मंडळांचा आहे. दिवा का लागला नाही आणि तो कोणी, कसा लावला, याची नोंद कार्यालयांच्या दप्तरांत क्वचितच सापडते. केसिंग-कॅपिंगवर काम शिकलेले, टेस्ट लॅम्पने न्यूट्रलचा दोष हुडकणारे आणि डीपीवरून गावाची नाडी ओळखणारे वायरमन व लाईनमन आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी, त्यांच्या वह्या आणि त्यांची हत्यारे स्थानिक इतिहास मंडळांनी, आयटीआयच्या शिक्षकांनी आणि त्यांच्या स्वतःच्या मुला-नातवंडांनी आत्ताच नोंदवून घ्यावीत.